फुलझाडांना सेंद्रिय खत कोणते घातले आणि फुले किती आली? आपले अनुभव लिहा

पुण्यात गच्चीवर माझ्या तीसेक कुंड्या आहेत. मोगऱ्याला वर्षभर दर महिन्याला ओंजळभर गांडूळखत घालत आले. झाड हिरवेगार झाले, पण कळी काही धरेना. चूक खतात होती, मात्रेत की वेळेत, हे मला उमगलेले नाही. म्हणून विनंती आहे की प्रत्येकाने खत, माती, मात्रा आणि दिसलेला परिणाम लिहावा. फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहावेत.

रत्नागिरीहून: आमची जांभ्याची तांबडी माती आहे. पावसाळा संपताच प्रत्येक जास्वंदीच्या आळ्यात दोन मुठी हाडांचा चुरा आणि एक पाटी कुजलेले शेणखत मिसळते. चुऱ्याचा गुण सावकाश येतो, दोनतीन महिने वाट पाहावी लागते; मात्र त्यानंतर कळ्या भरपूर लागतात. चुरा मातीत नीट गाडावा, नाहीतर रात्री कुत्री आळे उकरतात.

सोलापूरहून: वरचा अनुभव वाचून हे लिहिणे भाग पडले. मी दोन वर्षे गुलाबांना हाडांचा चुरा घातला आणि काहीही फरक पडला नाही. माती तपासून घेतल्यावर सामू (pH) 8.2 निघाला, म्हणजे माती अल्कधर्मी आहे. चुऱ्यातील स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीत विरघळून मुळांना मिळतो. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत तो तसाच अडकून राहतो, त्यामुळे कोकणात लागू पडणारे खत इथे वाया जाते. अशा मातीत चुलीची राखही घालू नये, कारण ती मुळातच अल्कधर्मी असते. आता ऑक्टोबरमध्ये गुलाबांची छाटणी झाली की प्रत्येक झाडाला पाटीभर मुरलेले शेणखत आणि मूठभर शेंगदाणा पेंड देतो. फुले बरी येतात; फार मोठी येतात असे म्हणणार नाही.

साताऱ्याहून: दसऱ्यासाठी झेंडूचा वाफा केला आणि घाईत गोठ्यातले ताजे शेण पसरले. महिनाभरात रोपे माना टाकू लागली. एक उपटून पाहिले तर मुळे कुरतडलेली आणि मातीत पांढऱ्या, वाकड्या हुमणीच्या अळ्या होत्या. भुंगेरे अर्धवट कुजलेल्या शेणात अंडी घालतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता खत हातात घेऊन पाहतो: शेणाचा वास गेलेला असावा, ढीग आतून गरम नसावा आणि खत चहाच्या भुकटीसारखे सुटे असावे. सोबत थोडी निंबोळी पेंड मिसळतो.

ठाण्याहून: जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेले पातळ खत. त्याचे रूढ प्रमाण 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ आणि 2 किलो बेसन असे असून ते एकरभर शेतासाठी आहे. खिडकीतल्या बागेसाठी मी त्याचा विसावा भाग करते. त्याने माती भुसभुशीत राहते. फुले वाढली असे मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही. पेंड भिजवून कुजवण्याचा प्रयोग एकदाच केला. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

नाशिकहून: मोगऱ्याबद्दल विचारले आहे, त्याचे उत्तर देतो. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. खतातून सतत नत्र (पाने वाढवणारे नायट्रोजन) मिळाले की तो पानांतच रमतो. डिसेंबरात पाणी तोडून त्याला ताण द्यावा, जानेवारीच्या अखेरीस फांद्या निम्म्या छाटाव्यात आणि त्यानंतरच एकदा भरपूर शेणखत घालून पाणी सुरू करावे. आपली कुंडी सावलीत तर नाही ना? दिवसाला पाचसहा तास ऊन नसेल तर कोणत्याही खताचा उपयोग होणार नाही.

पुण्याहून पुन्हा: कुंडी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आहे, दुपारी बारानंतर तिथे ऊन येत नाही. आज हलवली. गांडूळखत जानेवारीपर्यंत बंद ठेवते आहे.