शब्दचर्चा: धिंड, चव्हाटा, पांघरूण, वाळीत

पांदणवाट: विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरताना सापडलेल्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. याला ‘धिंड काढली’ म्हणावं की ‘चव्हाट्यावर आणलं’? वऱ्हाडात पोट्टे नुसतं ‘इज्जत काढली’ म्हणून मोकळे होतात.

चावडी: धिंड माणसाची निघते. चव्हाट्यावर सहसा गोष्ट येते: भानगड, भांडण, हिशेब. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. धिंडीला माणूस हजर लागतो. तोंडाला काळं, गाढवावर उलटं बसवलेलं, मागे गर्दी. म्हणून फोटोची ‘धिंड’ ही लक्षणा झाली. तरी माणसाचा चेहरा फिरवला असेल तर तोच शब्द जवळचा. वाभाडे बहुधा कामाचे किंवा बोलण्याचे काढतात, ते इथे नको.

तिफन: आणि बोभाटा?

चावडी: तो होतो, कोणी केला ते सापडत नाही. दवंडीत कोतवाल समोर उभा असतो.

पांदणवाट: पण ग्रुपवर काही जण म्हणतात, नाव-चेहरा झाकायला पाहिजे होता. चोराचं नाव काहून झाकायचं? हे पांघरूण घालणंच झालं ना!

चावडी: ज्याला कळायला पाहिजे त्याच्यापासून लपवलं, तर पांघरूण. ठाण्यात तक्रार दिली, फोटो पोलिसांच्या हाती दिला, की पांघरूण उरलं नाही. बाकी गावाला चेहरा न दाखवणं हा खासगीपणा. ‘गोपनीयता’ इथे मला खटकतो. तो शब्द सीलबंद लखोट्याचा. चोर १८ वर्षांखालचा असेल तर प्रश्नच मिटला: बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्याची ओळख पटेल असं नाव, शाळा, फोटो काहीच प्रसिद्ध करता येत नाही. ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोठ्या माणसाच्या बाबतीत ‘खरंच तर आहे’ एवढ्यावर सुटका नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधल्या, म्हणजे बदनामीच्या कलमातल्या, खरेपणाच्या अपवादात खरेपणाबरोबर लोकहितही दाखवावं लागतं.

तिफन: ‘ग्रुपमधून काढलं, वाळीत टाकलं’ असं सर्रास लिहितात, त्यानं शब्द पातळ होतो. वाळीत म्हणजे लग्नाला-मयतीला बंदी, दुकानातून सामान नाही, बोलणाऱ्यालाही दंड. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रारीत मात्र ‘वाळीत टाकलं’ एवढंच लिहिलं की ती लंगडी पडते. कोणत्या बैठकीत, कोणी, कोणत्या तारखेपासून काय बंद केलं, ते ओळीनं लिहावं.

पांदणवाट: म्हणजे केबलवाल्याची धिंडच. शब्द कळला, आता फोटो काढतो ग्रुपवरून.

तिफन: ‘सर्वांसाठी डिलीट’ दाबा. नुसतं ‘माझ्यासाठी’ दाबलं तर फक्त तुम्हाला दिसायचा थांबतो.