कण्हेरीच्या पानात पर्णरंध्रं दिसत नाहीत?

कण्हेरीच्या पानाची खालची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, पण पर्णरंध्रं (पानाची हवा-बाष्पाची सूक्ष्म छिद्रं) दिसली नाहीत, म्हणून पान खराब असावं, असं एकानं लिहिलंय. पान ठीक आहे. कण्हेरीची पर्णरंध्रं पृष्ठभागावर नसतातच. ती खालच्या बाजूच्या खळग्यांत, केसांच्या आड दडलेली असतात. खळग्यातली हवा दमट राहते, बाष्प कमी उडतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुभाजकावरची कण्हेर तग धरते त्यात या खळग्यांचाही वाटा असल्याचं मानतात.

हे खळगे बघायला पानाचा आडवा छेदच (आडवा पातळ काप) हवा. मध्यशिरेसकट साधारण 1 सेंमी लांबीचा तुकडा बटाट्याच्या फोडीत चीर पाडून बसवा. ब्लेड ओलं ठेवा आणि एकाच दिशेनं ओढा, करवतीसारखं मागेपुढे नको. सगळ्यात पातळ काप निवडा, 1 टक्का सॅफ्रानिनमध्ये (पेशी रंगवणारा लाल रंग) 2-3 मिनिटं ठेवा, धुवा, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा, कव्हर स्लिप (वर झाकायची पातळ काच) तिरकी टेकवत सोडा. काप तिरका गेला तर स्तंभपेशी (पानातल्या खांबासारख्या उभ्या पेशी) गोल दिसतात आणि स्पंजी ऊतीशी (सैल, गोलसर पेशींचा थर) गल्लत होते. दुपारी तोडलेलं पान सुकून पेशी आक्रसतात; सकाळी तोडून पाण्यात ठेवा.

आणखी एक: पुस्तकातल्या द्विदल वनस्पतीच्या पानात स्तंभपेशी फक्त वरच्या बाजूला असतात, कण्हेरीत दोन्हीकडे. बाह्यत्वचाही (पानाची सगळ्यात बाहेरची साल) एकाऐवजी दोन-तीन थरांची. पाठ्यपुस्तकासारखी आकृती हवी असेल तर आंब्याचं पान घ्या.

कण्हेरीचा चीक विषारी आहे, हात साबणानं नक्की धुवा.