ऑनर्स थिसिसला पेपर छापून येण्याची अट कशाला?

दुसरा_परीक्षक

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जी मुलं ऑनर्ससाठी संशोधन करतात, त्यांच्या थिसिसचे नियम आमच्या विभागात नव्याने लिहायला घेतलेत. मसुदा थोडक्यात असा: सीजीपीए ठरावीक आकड्याच्या वर हवा, काम दोन सत्रं चालेल, पहिल्या सत्राच्या सुरुवातीला प्रपोजल, गाइडखेरीज आणखी एक परीक्षक, थिसिस किमान ६० पानं, शेवटी व्हायवा. पानांची अट मला हास्यास्पद वाटते, पण ती तूर्त सोडा. मागच्या बैठकीत एक कलम हळूच आत शिरलं: जर्नलमध्ये किंवा परिषदेत पेपर स्वीकारल्याचं पत्र जोडल्याशिवाय ऑनर्स नाही.

या कलमाला माझा ठाम विरोध आहे. मुलांवर ताण येतो वगैरे म्हणून नाही. ताण येऊ दे, ऑनर्स म्हणजे खिरापत नव्हे. पण काम चांगलं की वाईट हे ठरवायची जबाबदारी आमची असताना ती आम्ही कुणा अनोळखी संपादकाच्या गळ्यात मारतोय.

वेळेचा हिशेबच बघा. सेटअप उभा राहून भरवशाची रीडिंग्ज हाती यायला दुसरं सत्र अर्धं उलटतं. बऱ्या जर्नलमध्ये परीक्षणाला कित्येक महिने जातात. मग मुलं काय करणार? एक तर ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा विषय घेणार, नाहीतर पैसे भरले की आठवड्यात 'स्वीकारलं' म्हणणारं जर्नल शोधणार. संशोधन शिकवायचं म्हणून केलेल्या नियमातून नेमके हे दोन धडे मिळणार.

एक थिसिस मी दुसरा परीक्षक म्हणून वाचला होता. हीट सिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) फिन्सना, म्हणजे पातळ पात्यांना, भोकं पाडली आणि बेसचं तापमान १.४ अंश सेल्सिअसने उतरलं, असा दावा. मोजलं होतं के-टाइप थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजायच्या दोन धातूंच्या तारांच्या जोडीने. त्याची प्रमाणित मर्यादा अधिक-उणे २.२ अंश किंवा मोजलेल्या तापमानाच्या ०.७५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे दावा यंत्राच्या चुकीच्या आतच बसतो. थिसिसमध्ये उष्णतावहनाचा इतिहास भरपूर, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. व्हायवात विचारलं, प्रयोग परत करून पाहिला का? "नाही सर, तेवढ्यात पेपरची डेडलाइन आली." पेपर स्वीकारला गेला होता, पत्र रीतसर जोडलेलं होतं.

माझं म्हणणं असं की पेपर ऐच्छिक ठेवा. त्याऐवजी प्रपोजलमध्येच लिहून घ्या की कोणता निकाल आला तर तुमचा अंदाज खोटा ठरला असं तुम्ही मानाल. मोजलेल्या प्रत्येक आकड्यासोबत अनिश्चितता हवी. कच्चा डेटा आणि लॉगबुक विभागाच्या ताब्यात द्यायचं. आणि व्हायवा स्लाइड्स बंद करून, फळ्यासमोर उभं राहून.

रोखठोक

असहमत. "कडकपणा आमचा आम्ही राखू" हे ऐकायला झकास आहे. प्रत्यक्षात गाइड आणि दुसरा परीक्षक एकाच कॉरिडॉरमध्ये बसतात. आज मी तुमच्या मुलाला अडवलं, उद्या तुम्ही माझ्याला अडवणार. म्हणून कुणीच कुणाला अडवत नाही आणि सगळे ऑनर्स होतात. पेपरच्या अटीत हजार दोष असतील, पण जिथे गाइडची ओळख चालत नाही असा एवढाच एक टप्पा आहे.

दुसरं, अनोळखी माणसासाठी लिहिणं हीच शिकायची गोष्ट आहे. ब्लॅक बुक (बांधलेला थिसिस) गाइडसाठी लिहिलं जातं, त्याला सगळं आधीच माहीत असतं. बाहेरचा रेफरी, म्हणजे जर्नलचा परीक्षक, "तुमचा बेसलाइन कोणता?" असं एका ओळीत विचारतो आणि मुलाला पहिल्यांदा कळतं की आपण कशाशी तुलना केली हेच सांगितलेलं नाही.

आणि तुमच्या उदाहरणातला पेपर फालतू जर्नलमध्ये गेला, हा अटीचा दोष नाही, यादीचा आहे. कुठली जर्नल्स चालतील त्याची यादी करा, विषय संपला.

बेअरिंगवाला

@रोखठोक, यादीने विषय संपत नाही. माझ्या विषयातलं सांगतो.

बेअरिंगमधला बिघाड कंपनांवरून मशीन लर्निंगने ओळखायचा, हा शेवटच्या वर्षाचा लाडका विषय. मुलं केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा खुला डेटासेट उतरवून घेतात. त्यात बेअरिंगवर मुद्दाम केलेले बारीक खड्डे आहेत, ०.००७, ०.०१४, ०.०२१ इंच वगैरे व्यासाचे, आणि १२ किंवा ४८ किलोहर्ट्झला घेतलेले सिग्नल. मुलं काय करतात, एकच लांब सिग्नल घेतात, त्याचे तुकडे पाडतात, तुकडे पिसतात आणि काही मॉडेल शिकवायला (ट्रेनिंग), काही ते तपासायला (टेस्टिंग) टाकतात. तुकडे एकमेकांवर चढलेले असतील तर विचारूच नका. मॉडेलने परीक्षेआधीच प्रश्नपत्रिका पाहिलेली असते. अचूकता ९९ टक्क्यांच्या वर. असे पेपर चांगल्या यादीतल्या जर्नल्समध्येही ढिगाने आहेत, कारण रेफरीला तक्ता दिसतो, तुकडे कसे वाटले ते दिसत नाही.

व्हायवात मी एकच विचारतो: जो बेअरिंग ट्रेनिंगमध्ये अजिबात नव्हता, त्यावर चालवून दाखव. लॅपटॉप समोरच असतो. आकडा धाडकन खाली येतो आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. हा प्रश्न विचारायला मुलासमोर बसावं लागतं.

शून्य_अंश

मूळ लेखाबद्दल जरा खुसपट काढतो, कारण नियम याच उदाहरणावर उभा राहणार असेल तर उदाहरण पक्कं हवं.

२.२ अंश ही मर्यादा कुठलाही के-टाइप उचलून लावला तर त्याने दाखवलेल्या प्रत्यक्ष तापमानाला लागू होते. तुमचा विद्यार्थी फरक मोजत होता. एकाच रिळातली तार, दोन्ही थर्मोकपल एकत्र बर्फाच्या पाण्यात आणि मग गरम पाण्याच्या बाथमध्ये तपासलेले, वाचणारं यंत्र एकच, असं असेल तर १.४ अंशाचा फरक नीट पकडता येतो. त्यामुळे "२.२ पेक्षा कमी, म्हणून दावा फोल" हे तितकं सरळ नाही. त्याने आधी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिले होते का, आणि फिन्स काढून परत बसवल्यावर मधल्या थर्मल पेस्टमुळे (उष्णता नीट जावी म्हणून लावतात ती) केवढा फरक पडतो हे पाहिलं होतं का? माझा संशय त्या पेस्टवर जास्त आहे. ती दर वेळी सारखी लागत नाही.

तेव्हा "अनिश्चितता हवी" एवढं नियमात लिहून भागणार नाही. मुलं डेटाशीटवरचा आकडा उतरवतील आणि अधिक-उणेचं चिन्ह लावून मोकळी होतील. सेटअप उकलून परत जोडून घेतलेली रीडिंग्ज मागा.

दुसरा_परीक्षक

@शून्य_अंश, ते थर्मोकपल एका रिळातले होते की नाही हे थिसिसमध्ये लिहिलेलंच नव्हतं, माझी तक्रार तीच. पण पुन्हा जोडून मोजण्याची सूचना माझ्या शब्दांपेक्षा चांगली आहे. मसुद्यात तशीच घालतो.

पाया_आधी

दोन्ही बाजू जरा जास्तच खात्रीने बोलताहेत. स्थापत्यवाल्यांना ठाऊक असलेलं एक उदाहरण देतो.

न्यूयॉर्कचा सिटीकॉर्प सेंटर, ५९ मजली, १९७७ मध्ये पूर्ण झाला. त्याचे खांब कोपऱ्यात नाहीत, प्रत्येक बाजूच्या मध्यावर आहेत, कारण जागेच्या एका कोपऱ्यात चर्च होतं. १९७८ मध्ये डायन हार्टली ही प्रिन्स्टनची विद्यार्थिनी पदवीच्या थिसिससाठी या इमारतीचा अभ्यास करत होती. वारा कोपऱ्यावर तिरका आला तर ताण किती, हे तिने काढलं. तो सरळ वाऱ्यापेक्षा जास्त येत होता. तिने डिझाइन करणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली, "काळजीचं कारण नाही" असं उत्तर आलं, आणि थिसिसमध्ये तो प्रश्न तिथेच थांबला. पुढे मुख्य अभियंता विल्यम लमेजरर यांनी फेरगणित केलं. सांधे वेल्डऐवजी बोल्टचे केले गेल्याने ते या ताणाला पुरेसे नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी रात्री-रात्री गुपचूप सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या गेल्या. हे जगाला कळलं १९९५ मध्ये. (नेमक्या कुणाच्या प्रश्नावरून त्यांनी गणित पुन्हा उघडलं यावर वाद आहे, दुसऱ्या एका विद्यार्थ्याचंही नाव येतं. तिरक्या वाऱ्याचा धोका तेव्हा वाटला तेवढा नव्हता, असंही नंतर मांडलं गेलं.)

आता सांगा, यात कुठली अट कामाला आली? पेपर नव्हता. गाइड होते, तेही नामांकित. थिसिस मान्य झाला. पण मुलीचा आकडा आणि कंपनीचं उत्तर जुळत नाहीत, तर चूक कुठे आहे ते शोध, असं बसवून घेणारा नियम नव्हता. मला तो हवा. आपला आकडा आणि बाहेरून मिळालेला आकडा जिथे भांडतात ती जागा थिसिसमध्ये उघडी लिहायची, "तज्ज्ञांनी सांगितलं" म्हणून मिटवायची नाही.

चौथं_वर्ष

विद्यार्थी म्हणून लिहितेय. सगळ्यांचं वाचलं, पण ज्या अटीने आम्ही खरंच अडतो तिच्यावर कुणी बोललंच नाही. सीजीपीए! माझ्या वर्गातला लॅबमध्ये सगळ्यात तयार हाताचा मुलगा गणिताच्या दोन पेपरांमुळे रेषेखाली आहे. त्याला ऑनर्सचा अर्जसुद्धा करता येत नाही. आणि नव्वदी पार केलेले काही जण असे आहेत की मल्टिमीटरची प्रोब कुठल्या जॅकमध्ये घालायची तेही विचारतात.

आणखी एक. माझा सेटअप चालला, पण जे घडायला हवं होतं ते घडलं नाही. फरकच पडला नाही. गाइड म्हणतात पॅरामीटर बदलून बघ, काहीतरी निघेल. पेपरची अट राहिली तर मला काहीतरी काढावंच लागेल. तुम्ही मोठी माणसं तत्त्वावर भांडताय, इथे माझा ऑनर्स अडकलाय.

रोखठोक

@चौथं_वर्ष, सीजीपीएबद्दल सहमत. कुणाला थांबवायचंच असेल तर मार्कांवरून नको, प्रपोजलच्या मुलाखतीने थांबवा.

पण "फरक पडला नाही" हेही छापता येतं, जर तुझा सेटअप फरक असता तर तो पकडू शकला असता हे तू दाखवलंस तर. ते दाखवता येत नसेल तर तो नकारात्मक निकाल नाही, निकालच नाही. गाइडला हेच विचार.

आणि पदवीच्या मुलांना पेपर झेपत नाही हे रडगाणं पुरे. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांच्या एमआयटीतल्या पदवीच्या थिसिसवरचा पेपर १९३९ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये छापून आला.

बेअरिंगवाला

नियम करायला बसलात आणि दाखला फाइनमनचा! शिवाय त्या थिसिसमधला निकाल जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हेल्मान यांनी १९३७ मध्येच पुस्तकात दिला होता, म्हणून तर त्या प्रमेयाला हेल्मान-फाइनमन असं दोघांचं नाव आहे. आजचा एखादा खडूस रेफरी "नावीन्य नाही" म्हणून परत पाठवता. तुमच्या कलमाखाली फाइनमन ऑनर्सला मुकले असते.

रोखठोक

विनोद चांगला आहे. पण माझा पहिला मुद्दा अजून तसाच पडून आहे. एकाच कॉरिडॉरमधले परीक्षक. त्याचं काय?

दुसरा_परीक्षक

त्याचं उत्तर द्यायला हवं, मान्य. मी कलम असं बदलून मांडतोय: पेपर ऐच्छिक. दुसरा परीक्षक दुसऱ्या संस्थेचा, आणि तो गाइडने सुचवायचा नाही, विभागाने नेमायचा. व्हायवाच्या दोन आठवडे आधी त्याच्याकडे थिसिससोबत डेटाही जाईल. त्याचा लेखी अभिप्राय थिसिसला जोडून ग्रंथालयात, कुणालाही वाचता येईल असा. अभिप्रायावर नाव असलं की कुणी "छान काम" एवढं लिहून सही करणार नाही. गाइडला एका वर्षी दोनपेक्षा जास्त ऑनर्स विद्यार्थी नाहीत, नाहीतर लॉगबुक कोण बघणार? ६० पानांची अट काढली.

रोखठोक

अभिप्राय उघड ठेवणार असाल तर पेपरचा हट्ट मी सोडतो. पण कंपनीच्या पैशावर झालेल्या कामाचं काय? तिथे डेटा बाहेर जाऊ देणार नाहीत, थिसिस दोन वर्षं कुलपात ठेवा म्हणतील. आमच्याकडे निम्मे ऑनर्स प्रोजेक्ट तसलेच आहेत.

पाया_आधी

मग त्यांना ऑनर्स देऊ नका. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र द्या. सिटीकॉर्पच्या वेळी कंपनीच्या शब्दावर भागलं होतं, तेच परत करायचं का?

चौथं_वर्ष

इतकं सोपं नाही हो. कंपनीचं काम घेतलं नाही तर फटीग टेस्टिंगचं (पुन्हा पुन्हा ताण देऊन वस्तू कधी तुटते ते बघायचं) मशीन मला कुठे मिळणार होतं? विभागातलं मी आल्यापासून बंदच आहे.

दुसरा_परीक्षक

कुलूप थिसिसला लावू देत, परीक्षकाला नको. गोपनीयतेच्या करारावर बाहेरच्या परीक्षकाची सही घ्यायची आणि कच्चा डेटा त्याला पूर्ण दाखवायचा. एवढंही मान्य नसलेली कंपनी असेल तर @पाया_आधी यांच्याशी मी सहमत. सोमवारच्या बैठकीत हे मांडतो.