४के टीव्हीवर लॅपटॉप ३० हर्ट्झवर अडकलाय, टाइप-सीचा उपयोग होईल का?

मंडळी, मदत हवी आहे.

लॅपटॉप (२०१८ चा, विंडोज १०) ४३ इंची ४के टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडलाय. चित्र येतं, आवाजही येतो. तो आधी येत नव्हता, विंडोजमध्ये आउटपुट टीव्हीवर वळवल्यावर आला. अडचण वेगळीच आहे. ३८४० × २१६० ठेवलं की रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा) ३० हर्ट्झच्या वर जातच नाही. सिनेमा बघायला ठीक, पण माउसचा बाण अडखळत सरकतो. १०८०पी केलं तर ६० हर्ट्झ मिळतात, मात्र एक्सेलमधली अक्षरं पुसट दिसतात. आणि मला नेमकं तेच काम करायचंय.

१८ जीबीपीएसची दोन मीटरची नवी केबल आणली, टीव्हीचे तिन्ही पोर्ट वापरून पाहिले, टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा ४के ६० हर्ट्झचा पर्याय चालू केला, ग्राफिक्स ड्रायव्हरही अपडेट केला. फरक शून्य. लॅपटॉपचा पोर्टच एचडीएमआय १.४ (४केला ३० हर्ट्झपर्यंतच जाणारा जुना प्रकार) असावा असा संशय आहे.

लॅपटॉपला एक टाइप-सी पोर्ट आहे, पण शेजारी थंडरबोल्टची किंवा डिस्प्लेपोर्टची खूण (यातून चित्रही बाहेर जातं हे सांगणारी) नाही. टाइप-सीमधून एचडीएमआय काढणारा अडॅप्टर घ्यावा का, असं विचारलं तर दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, सगळ्यांचं चालतं." नाही चाललं तर परत घेणार नाही, हेही तोच सांगतो! वायरलेस नकोय, त्यात माउस आणखी मागे पडतो.

तर या पोर्टमधून चित्र बाहेर जातं की नाही, हे अडॅप्टर विकत न घेता कसं तपासायचं? आणि जात असेल, तर अडॅप्टरवर '४के ६० हर्ट्झ' लिहिलेलं पुरेसं आहे, की आणखी काही बघून घ्यावं लागतं?