न्यूरल नेटवर्क आणि मेंदू: साम्य कुठे संपतं

'न्यूरल नेटवर्क मेंदूसारखाच विचार करतं' हे विधान मला पटत नाही. न्यूरल नेटवर्क म्हणजे थरांमध्ये जोडलेल्या कृत्रिम पेशींची, उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना. मेंदूकडून उचलली ती फक्त ढोबळ कल्पना, १९४३ साली मॅककलक आणि पिट्स या शास्त्रज्ञांनी मांडलेलं चेतापेशीचं गणिती रूप. आजची कृत्रिम पेशी आलेल्या प्रत्येक आकड्याला त्याच्या भाराने (त्या आकड्याचं महत्त्व ठरवणाऱ्या संख्येने) गुणते, बेरीज करते आणि ती एका फलनातून, म्हणजे गणिती सूत्रातून, पुढे पाठवते. बस.

हाताने लिहिलेले अंक ओळखायचे आहेत असं धरा. २८ × २८ पिक्सेलचं चित्र म्हणजे ७८४ आकडे. मधल्या थरात १०० पेशी, शेवटी १०, प्रत्येक अंकासाठी एक. बायस (प्रत्येक पेशीच्या बेरजेत मिळवायचा एक जादा आकडा) धरून ७९,५१० आकडे जुळवायचे. सुरुवातीला ते लहान आणि यादृच्छिक हवेत. सगळे शून्य ठेवले तर मधल्या १०० पेशी कायम एकसारख्याच राहतात, म्हणजे एकच पेशी असल्यासारखं. मग उत्तर किती चुकलं ते मोजायचं आणि ती चूक मागे नेत प्रत्येक भार किंचित बदलायचा. पाऊल मोठं पडलं तर चूक हेलकावे खात राहते. थर बरेच आणि फलन सिग्मॉइड (कोणताही आकडा ० ते १ मध्ये बसवणारं S-आकाराचं फलन) असेल तर उलटी अडचण: त्याचा उतार जास्तीत जास्त ०.२५, म्हणून दहा थर मागे जाईपर्यंत (भार सोडून) दुरुस्तीचा संकेत साधारण दहा लाखातला एक भाग उरतो. रेलू (धन आकडा तसाच पुढे पाठवणारं, ऋण असेल तर शून्य देणारं फलन) रूढ झालं ते बऱ्याच अंशी यामुळेच; धन आकड्यांसाठी त्याचा उतार १ असतो.

माणसापासूनचा मोठा फरक विसरण्यात दिसतो. आधी ० ते ४ आणि नंतर फक्त ५ ते ९ शिकवले, तर नेटवर्क पहिले पाच अंक जवळजवळ विसरतं. जुनी उदाहरणं मधूनमधून मिसळावीच लागतात. लहान मूल नवा अंक शिकताना जुना असा पुसून टाकत नाही.