मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटवर बँकेची ताब्याची नोटीस

नमस्कार मंडळी. कोथरूडला भाड्याने राहतो. लिव्ह अँड लायसन्स (राहायची फक्त परवानगी देणारा करार) ३३ महिन्यांचं, रजिस्टर केलेलं. १४ महिने बाकी. डिपॉझिट दीड लाख. परवा दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली दिसली: सरफेसी कायदा २००२ (थकलेल्या कर्जापोटी बँकेला गहाण मालमत्ता कोर्टाविना ताब्यात घेऊ देणारा), कलम १३(४). मालकांनी हप्ते थकवलेत, आता फोनही उचलत नाहीत. (भाडं मात्र १ तारखेला बरोबर मागितलं!)

बँकेचे पैसे बुडावेत असं मुळीच म्हणत नाही, पण आम्ही सामान घेऊन एकदम कुठे जायचं?

वाचलं ते असं: २०१६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७(४अ) खाली भाडेकरू डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, हक्क मांडू शकतो. गहाणखत आमच्या कराराआधीचं आहे, पण कर्जदाराला, म्हणजे मालकांना, थकबाकी भरायला ६० दिवस देणारी कलम १३(२) ची नोटीस गेली ती करारानंतर. अडचण अशी की लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याने 'भाडेकरू' नसतोच ना? मग डीआरटीत जाण्यात अर्थ आहे का, की सरळ बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याला कराराची प्रत देऊन मुदत मागावी? पुढचं भाडं कोणाला द्यायचं? आणि डिपॉझिट?

कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. पुण्यातला डीआरटीचं काम करणारा वकील सुचवलात तरी चालेल.