प्रेसशॉपमध्ये (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) कामगारांची बोटं जातात, ती उद्योगीकरणाची किंमत समजायची का? या धाग्यावर भोसरीकर, डायमेकर आणि हिशेब या तिघांची चर्चा.

भोसरीकर
एमआयडीसी १९६२ साली आली. पिंपरी-चिंचवड, भोसरी, पुढे चाकण इथल्या कारखान्यांनी कोरडवाहू शेतीतून बाहेर पडलेल्या माणसाला महिन्याचा पगार, पीएफ आणि दवाखाना दिला. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या घराला याचं मोल कळतं. पॉवर प्रेसवर बोटं जातात हे खरं, पण तो दोष शिस्तीचा आहे. सेन्सर लावा, दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं लावा, विषय मिटला.

डायमेकर
मिटत नाही. लहान शॉपमध्ये अजून की-क्लचचे प्रेस चालतात. पेडल दाबलं की क्लचची की (पाचर) फ्लायव्हीलशी, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकाशी, जोडली जाते आणि रॅम (पत्र्यावर दाब देणारा वरचा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो. मध्येच थांबवायची सोयच नाही, त्यामुळे त्यावर लाइट कर्टन (हात आत आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावणं म्हणजे नुसती शोभा. कर्टनला न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावरच्या, क्लच-ब्रेकचा मध्येच थांबणारा प्रेस लागतो. तिथेही गणित आहे: हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने आत जातो असं धरतात. रॅम थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून (आकार देणाऱ्या साच्यापासून) ३२ सेंमीपेक्षा लांब हवा. जवळ बसवला तर दिवा लागतो आणि बोटही जातं.

सगळ्यात वाईट डबल स्ट्रोक. ब्रेकचं लायनर झिजलं, त्यावर तेल गेलं किंवा पेडलची स्प्रिंग तुटली की रॅम वर न थांबता पुन्हा खाली येतो. पेडलवर पाय नसतो, जॉब (दाबायचा पत्र्याचा तुकडा) काढायला हात मात्र आत असतो. यात कसली बेशिस्त?

भोसरीकर
मग गार्ड बसवा. धोकादायक भाग झाकायला १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं २१ वं कलम सांगायचंच. पण ऑपरेटरच गार्ड काढून ठेवतो.

डायमेकर
काढतो, कारण डाय हाताने जॉब भरायची बनवलेली असते. पीस डायला चिकटतो, चिमट्याने काढला की तासाचं प्रॉडक्शन पडतं आणि सुपरवायझर डोक्यावर येतो. पीस सुटायला नॉकआउट (तो ढकलून बाहेर काढणारी दांडी) किंवा हवेचा फुंकारा, जॉब भरायला सरकती ट्रे आणि ६ मिमीपेक्षा कमी फटीचा गार्ड, हे डाय बनवतानाच ठरवायचं असतं. नंतर जाळी ठोकून जमत नाही.

हिशेब
किंमत आकड्यात बघा. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईक्षमतेचं नुकसान १४ टक्के धरतात. ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) कायम अपंगत्वाचा लाभ पगाराच्या ९० टक्क्यांवर मोजतात. १५,००० पगाराचे ९० टक्के १३,५००, त्याचे १४ टक्के म्हणजे महिना १,८९०. ज्या हाताने व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) धरायचा त्या हाताचं बोट!

भोसरीकर
रक्कम तुटपुंजी आहे, मान्य. पण ऊसतोडीत कोयता लागला तर ईएसआयचा हा आधारसुद्धा नसतो. तो कारखान्यामुळेच आला.

हिशेब
आधार आला म्हणून बोट जाऊ द्यायचं का? न्यूमॅटिक प्रेस महाग, आणि मोठ्या कंपनीकडून मिळणाऱ्या पीसच्या दरात त्याचा खर्च धरलेला नसतो. कंपनी व्हेंडरचं (पीस पुरवणाऱ्या शॉपचं) ऑडिट करताना डायचं माप मायक्रॉनमध्ये तपासते. त्याच ऑडिटमध्ये प्रत्येक प्रेसचा क्लच कुठला, थांबायला किती वेळ घेतो आणि ब्रेक लायनर कधी बदललं, हे तीन रकाने घाला. की-क्लचवर हाताने भरलेला जॉब घ्यायचाच नाही.

भोसरीकर
रकाने घाला, माझा पाठिंबा. पण प्रेस बदलायचा पैसा दरात वाढवून दिला नाही, तर वीस माणसांचं शॉप बंद पडेल. त्या वीस घरांचाही हिशेब याच धाग्यात मांडा.